आतली प्रत

पल्लवीनं एंटर दाबलं. पडद्यावर लाल ओळी उतरल्या आणि काम अर्ध्यावर थांबलं. तिला हायसं वाटलं.

"झालं का ताई?" मागून गोटीरामनं विचारलं.

"नाही काका. आजही अडकलं."

तो रुमालानं चष्मा पुसत राहिला. मग खुर्ची ओढून बसला, जाडजूड वही उघडली आणि एकेक आज्ञा हातानं टाइप करू लागला. आता तीन तास तो उठणार नव्हता.

शरणपूर रोडवरच्या त्या लहानशा कंपनीत बाजार समित्यांसाठी कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर तयार होई. त्याचे सुटे भाग पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम गोळा करी आणि त्याच्याच पोटातलं बिल्ड टूल ते जोडी. हे टूल जुनं झालं होतं, मधेच बंद पडे. उरलेली जोडणी सहा वर्षं गोटीराम करत आला होता. आता, २००९ साली, टूलची नवी आवृत्ती आली होती.

"ती बसव," समर्थ सर महिन्यापूर्वी पल्लवीला म्हणाले होते. "मग इथे गोटीरामची गरज उरणार नाही. त्याच्याशी मी बोलेन. तू विषय काढू नकोस."

पल्लवीचे वडील पंचवटीतल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी मालकानं त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. पुढे वर्षभर ते रोज साडेनऊला डबा घेऊन निघत, रामकुंडावर बसून राहत आणि सहाला परत येत. घरात कुणी त्यांना विचारलं नाही.

म्हणून तिनं नवं टूल बसवलं, पण बाहेर. पॅकेज मॅनेजर बाहेर पाहत नाही, स्वतःच्या पोटातली जुनी प्रतच वापरतो. सरांना तिनं पडद्यावर नव्या आवृत्तीचा आकडा दाखवला. त्यांना तेवढंच कळे. कधी उघडकीला आलं तर आपलीच नोकरी जाईल, हे ती जाणून होती.

पण गोटीरामची भीती तिला रोज दिसत होती. सकाळी आल्याबरोबर तो तिच्या कॉम्प्युटरवर जास्वंदीचं फूल ठेवी आणि डोळे मिटून उभा राही. दुपारी नांदगावहून बायकोचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोले. अलीकडे तर त्यानं जुनी वही सुवाच्य अक्षरात नव्या वहीत उतरवायला घेतली होती. जणू एकही ओळ हातातून सुटू द्यायची नव्हती.

"एवढं कशाला लिहिताय काका?"

"असू द्या ताई. लिहिलेलं वाया नाय जात."

शुक्रवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"महिना झाला, पल्लवी. हंगाम तोंडावर आलाय. राहू दे आता ते अपडेट. गोटीराम आहेच की. त्याला सांगितलंय मी."

ती जवळजवळ धावतच बाहेर आली. गोटीराम जागेवर नव्हता. नवी वही टेबलावर मिटलेली होती. जिन्यातून त्याचा आवाज येत होता. ती हसत दारापर्यंत गेली.

"नाय सखू, नांदगावच्या हपिसात बदली नाय आता," तो फोनवर सांगत होता. "हितलं काम माझ्यावाचून चाललं की लगेच घरी धाडतो, म्हणले व्हते सर. नाय चाललं... हां, वहीबी उतरून ठेवली व्हती हपिसातल्या त्या पोरीसाठी... रडू नको. शेजारच्या भागीबाईनं आणखी थोडे दिस तुला उचलून बसवावं, म्हणावं. आन् त्या पोरीला बोल नको लावू. लय झटली बिचारी माझ्यासाठी."