जांभळा अंगठा

कर्णिकांनी फुटपाथवरचा दहावीच्या गाइडांचा ढीग उपसला. गेल्या रविवारी पुस्तकवाल्याशी घासाघीस फिसकटली, तेव्हा वीस वर्षं शोधलेला कोशाचा तिसरा खंड त्यांनी ह्याच ढिगाच्या तळाशी दडवला होता. आता तो चौबळांच्या काखेत होता, आणि हा जुना वैरी मजेत जांभळं खात होता.

"माझं पुस्तक आहे ते!"

"नाव घातलंय का त्यावर?" चौबळांनी बी थुंकली.

कर्णिकांनी मुखपृष्ठावरच्या जांभळ्या ठशावर आपला अंगठा टेकवला. "हा बघा पुरावा! जांभळं खाता खाता मीच लपवलं होतं ढिगाखाली."

पुस्तकवाला ताडकन उठला. "अस्सं! म्हणजे दर रविवारी माझा माल गायब करणारे तुम्हीच? चालते व्हा. पुन्हा इथं दिसायचं नाही!"

चौबळांनी द्रोण पुढे केला. "घ्या, कर्णिक. सीझन संपत आलाय."