झाडूगाडीचा काटा

“आता उचलायलाच हवं त्याला,” निळ्या जर्सीवाला म्हणाला.

“उचलायला तो काय भाजीची जुडी आहे?” काकूंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “दोन्ही चाकं फिरतायत त्याची अजून.”

गाडीच्या नाकासमोर ढकलगाडी नावाचा पोरगा सायकल रेटत होता. हे नाव त्याला त्याच्याच सोबत्यांनी दिलं होतं. विद्यापीठाच्या सायकल क्लबातला हा सगळ्यात मागचा गडी.

काकू झाडूगाडी चालवायच्या. शर्यतीत सगळ्यात शेवटी चालते ती ही गाडी. काम सोपं, पण खाष्ट सासूसारखं. काटा ठरलेल्या वेगावर ठेवायचा. हळू नाही, जोरात नाही. गाडीने ज्याला ओलांडलं, तो बाद. मग त्याची सायकल टपावर, तो आत सीटवर, आणि काकूंच्या डब्यातले चार घास खाऊन नाक पुसायचं.

या हंगामात विद्यापीठाच्या पोरांनी धमाल उडवली होती. डोंगरावरची शर्यत मारली, शहरातली मारली, समुद्राकाठची भर वाऱ्यातली मारली. पुढे त्यांचे फोटो निघायचे. मागे असायचे ढकलगाडी आणि काकू. दर वेळी तो शेवटी गाडीतच चढायचा, काकूंच्या शिव्या खायचा आणि वर डबाही खायचा.

आज शेवटची शर्यत. क्लबचे चार गडी पोचलेच पाहिजेत, असा नियम. नाही पोचले, तर सगळ्या हंगामावर पाणी आणि कप दुसऱ्या नंबरच्या निळ्या क्लबाला. वर्षभर तो कप कप्तानाच्या घरी मिरवायचा.

आणि नेमकी आजच पहिल्या वळणावर सायकलींची गुंतवळ झाली. विद्यापीठाचे दोघे दवाखान्यात गेले. उरले चार, त्यातला चौथा ढकलगाडी.

त्याच गुंतवळीत निळ्यांच्या कप्तानाचं, म्हणजे या जर्सीवाल्याचं, चाक दुमडलं. गुडघा सोलून तो झाडूगाडीत आला. दार जरा वर उचलून त्याने आपटलं, कारण काकूंच्या गाडीचं ते दार तसं केल्याशिवाय लागतच नाही. सीटखाली हात घालून पाण्याची बाटली काढली, मग डबा उघडला.

“सगळा फस्त करू नकोस,” काकू म्हणाल्या. “आणि तो पाय खाली घे. सीटला रक्त लागतंय.”

त्याने पाय खाली घेतला. तोंड मात्र वाकडंच.

चढ सुरू झाला. मागे बरण्या खडखडायला लागल्या. सकाळी काकूंनी कपाटाचा माथा रिकामा करून पुसून काढला होता आणि बरण्या ठेवायला घरात दुसरी जागा नाही म्हणून त्या गाडीत टाकल्या होत्या.

“आमचे चार कधीच पोचले,” निळ्या म्हणाला.

“ऐकलं मी. वॉकीटॉकी माझ्याच कानाशी आहे.”

“त्यांचे तीनच.”

“तेही ऐकलं.”

तो काट्याकडे बघत हळूच म्हणाला, “जरासा वर गेला काटा, तर कोणाला कळणार आहे?”

“कळायला आणखी कोण हवं? मी बसलेय ना इथे.”

“तो तसाही शेवटचाच येणार!”

“शेवटचा आला, तरी आला म्हणतात. तुला कोण आला म्हणेल आज?”

हे जरा जास्तच लागलं. निळ्याने मान खिडकीकडे फिरवली. काकूंनी तिरक्या नजरेने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, पदराने तळहातांचा घाम पुसला आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं.

ढकलगाडी आता नागमोडी जायला लागला होता. गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकाला लागेल एवढं जवळ आलं. त्याने मागे वळून पाहिलं. काकूंना ती नजर ओळखीची होती. दर वेळी गाडीत चढायच्या आधी तो अस्साच बघायचा. त्याचा एक पाय पेडलवरून सुटला.

काकूंचा काटा तसूभरही हलला नाही.

निळ्या श्वास रोखून पुढे सरकला.

ढकलगाडी नुसता घाबरून अर्धमेला झाला होता. पायांत जीव होता त्याच्या. काकूंनी हंगामभर तेच पाय पाहिले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग कोण जाणे काय झालं, खिडकीची काच भसकन खाली गेली.

“अरे ए गुळाच्या ढेपे! माझ्याकडे काय बघतोस? माझं थोबाड काय पहिल्यांदा बघतोयस? आज डब्यात काही उरलेलं नाही, या निळ्याने खाल्लं सगळं! गाडीत आलास तर उपाशी मरशील! ऊठ सीटवरून, उभा राहा पेडलवर! चढ संपला, मेल्या, समोर बघ!”

ढकलगाडी उभा राहिला. एक पाय, दुसरा पाय. हातभर अंतर पडलं, मग सायकलभर. चढाचा माथा ओलांडून तो उताराला लागला आणि दिसेनासा झाला.

निळ्या डोळे मिटून मागे टेकला.

काकू शेवटच्या रेषेवर पोचल्या, तेव्हा विद्यापीठाच्या पोरांनी ढकलगाडीला सायकलीसकट उचललं होतं. तो रडत होता आणि हसतही होता. त्यांचे सर धावत खिडकीशी आले.

“काकू, तुमच्या तोंडाला तोड नाही! आजपासून तुम्ही आमच्या क्लबच्या!”

“मी कोणाची नाही,” काकू म्हणाल्या. “मी मागची. सरका, गाडी वळवायची आहे.”

गर्दी कपाकडे गेली. काकूंनी इंजिन बंद केलं. निळ्या अजून तिथेच बसून होता.

“उतर की. तुझे लोक तिकडे तोंड पाडून बसलेत.”

“नको.”

“मग काय करू तुझं?”

त्याने डब्याचं झाकण नीट लावलं आणि डबा सीटखाली ठेवला. मागे हात टाकून कलंडलेली एक बरणी सरळ केली.

“घरी चल, आई. कपासाठी केलेल्या जागेवर तुझ्या बरण्याच परत ठेवू.”