आयतवारचा कान

“बॅटरीच गेली असणार,” खुर्चीत बसायच्या आधीच युवराज म्हणाला. “दोन वर्षं झाली घेऊन. मच्छेला आमच्या कारखान्यात बॅटरीवरच्या गाड्या आहेत, मला कळतं त्यातलं.”

टिळकवाडीतल्या त्या दवाखान्यात कानाची मशीन तपासणाऱ्या रचनाने नुसती मान हलवली. त्यातलं कळणारे तिच्याकडे रोज दोन-तीन तरी येत. तिने युवराजच्या वडिलांच्या, आप्पांच्या कानातलं मशीन काढून संगणकाला जोडलं. आप्पा हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसले.

ते आता ऐकत नाहीत म्हटल्यावर युवराजने मनातलं ओकून टाकलं. आप्पा कंग्राळीला एकटेच असतात. परवा त्यांनी गॅसवर कुकर ठेवला आणि बाहेरच्या सोप्यात येऊन बसले. शिट्ट्या गल्लीभर ऐकू गेल्या, तेवढ्या आप्पांना गेल्या नाहीत. शेजारच्या अंबुबाईने मागच्या दाराने शिरून गॅस बंद केला आणि युवराजला फोन लावून विचारलं, “बाला मशीन दिलायस न्हवं रं? मग ऐकाय का येत न्हाय त्यास्नी?” ते त्याला चांगलंच झोंबलं होतं.

“बॅटरी नव्यासारखी आहे,” रचना म्हणाली.

“कसं शक्य आहे?”

“रोज चार्ज केली असती तर एव्हाना सातशे वेळा झाली असती. इथं एकशे दोन दिसतंय. म्हणजे आठवड्यातून एकदा. आणि वापर बघा, दर वेळी जेमतेम तासभर.”

आठवड्यातून एकदा, तासभर. दर रविवारी अकराला युवराज कंग्राळीला जायचा आणि बाराला निघायचा.

रचनाने मशीन परत आप्पांच्या कानात बसवलं. “आजोबा, हे रोज का घालत नाही?”

आप्पांनी आधी लेकाकडे बघितलं. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. “ह्योच म्हणालता की. बॅटरीचं आयुष्य ठरल्यालं असतंय, लई वापरली की लौकर जाती. म्हणून जपून वापरतोय. आयतवारी ह्यो येतोय, तवा घालतोय.”

युवराज म्हणाला होता खरा. अगदी पहिल्या आठवड्यात. आप्पा दिवसभर मशीन घालून मालिका ऐकत बसतात म्हणून वैतागून म्हणाला होता, आणि विसरूनही गेला होता.

“अहो आजोबा, ती डबीत ठेवली तरी म्हातारी होतेच. पाच-सहा वर्षांत जाणारच. वापरा तुम्ही.”

“व्हय, व्हय,” आप्पा म्हणाले. त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही. मशीनवाल्या पोरीपेक्षा त्यांचा लेकावर जास्त भरवसा होता.

युवराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारचा तो तास त्याच्या डोळ्यांपुढे आला. पलंगावर आप्पा, समोर खुर्चीत तो. “जेवलासा?” “गोळ्या घेतल्या?” एवढं झालं की तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा. आप्पा धुतलेला सदरा घालून, भांग पाडून त्याच्याकडे बघत बसायचे. आपण येतो तेवढंच त्यांना पुरतं, असं तो समजून चालला होता.

परत जाताना रेल्वे गेट पडलेलं होतं. युवराजने गाडी बंद केली. चुकलो म्हणावं असं त्याच्या मनात आलं, पण त्यांच्या घरात बापाला असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. निदान दुसरं काहीतरी बोलावं म्हणून त्याने विषय शोधला. भाताची लावण, घराची कौलं, अंबुबाईची म्हैस. यातलं एकही तोंडापर्यंत आलं नाही. शेजारच्या सीटवर आप्पा त्याच्याकडे मान वळवून बसले होते.

रेल्वे आली आणि धडधडत गेली. एवढ्या आवाजाची सवय नसल्यामुळे आप्पांनी डोळे मिटून घेतले, पण मशीनला हात लावला नाही. गेट वर गेलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. युवराजने गाडी सुरू केली.

थोडं पुढं गेल्यावर आप्पांनी हात कानाकडे नेला.

“काय बोलणार हाईस काय रं? न्हायतर काढून ठेवतो.”