सहाने संपणारी संख्या

बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि रीतीप्रमाणे रुग्णालयाने दिलेली एकवीस आकडी संख्या सांगितली. कानामागची चिप ती एकदाच ऐकते आणि त्या संख्येखाली साठवलेला आईचा आवाज बाळाच्या मनात कायमचा बसवते.

पण आई, केतकी, बोलली की बाळ दचकून रडायचं. कालपासून ते दूधही घेत नव्हतं.

“वन्सं, खरं सांगा, संख्या बरोबर सांगितलीत ना?”

उज्ज्वलाताई घुटमळल्या. “अगं, मूळ संख्या होती ती. कशानेच भाग जाईना. जन्मभर एकटी राहिली असती पोर! मी शेवटच्या साताचा सहा केला. आता दोनाने भाग जातो, तिनाने जातो, सातानेसुद्धा जातो. भरल्या घरासारखी संख्या आहे बघ.”

म्हणजे एकच कमी, केतकीच्या लक्षात आलं. संख्या जन्माच्या क्रमाने देत. आधीची संख्या रुग्णालयात शेजारच्या खाटेवर असलेल्या रेवतीच्या मुलीची होती, आणि ती मुलगी आठवड्याभरातच गेली होती.

चिप बदलता येत नव्हती. केतकीने रेवतीला फोन लावून रडणाऱ्या बाळाजवळ धरला.

“कोण बोलतंय?”

बाळ रडायचं थांबलं. आवाजाकडे मान वळवून ते तोंडाने दूध शोधू लागलं.

“केतकी, तूच ना गं?” रेवतीने विचारलं. “तुझी पोर एकदम गप्प का झाली?”

“बोलत राहा ना,” केतकी कशीबशी म्हणाली आणि तिने बाळाला छातीशी घेतलं. फोनकडे डोळे लावून बाळ दूध पिऊ लागलं.