कीर्तन सोडून

दर गुरुवारी कीर्तन रंगात आलं, की यमुनेचा नवरा टाळ खाली ठेवून हळूच निसटायचा. गेला महिनाभर घरीही पाठ फिरवून झोपायचा. सवतीचं दार बघायच्या तयारीनंच आज ती त्याच्या मागोमाग गेली.

दार दवाखान्याचं निघालं. बाकावर तो मांडीवर खोकं घेऊन बसला होता.

"कुणासाठी घेतलंत हे?"

त्यानं खोकं उघडलं. आत छोटं यंत्र, वर पत्रक: शीघ्रपतनावरील उपचार.

"डॉक्टर म्हणतात, नुसत्या यंत्रानं भागत नाही. थांबून थांबून सराव करायचा, तोही बायकोसोबत. तुलाच सांगायची लाज वाटली."

"आणि मी इकडे तुमचे सदरे हुंगत बसले."

नर्स डोकावली. "आजही एकटेच?"

"दोघं आलोय," यमुना म्हणाली आणि त्याच्याआधी आत शिरली.