ओली फरशी

वर्गाच्या दाराशी येताच गयाबाईंनी सवयीनं चपला काढल्या. या कॉलेजात जन्मभर त्यांनी हीच फरशी पुसली होती. निवृत्त झाल्यावर शिष्यवृत्ती मिळाली, लग्नापायी सुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू झालं, आणि आज त्यांचा पहिला तास होता.

पण फरशी ओली. वाळायची वाट बघत त्या बाहेरच थांबल्या.

"घाल त्या चपला आणि जा आत," फडकं पिळत हौसा म्हणाली. ती त्यांची इतक्या वर्षांची जोडीदारीण.

"अगं, पाय उमटतील."

"उमटू देत. पुसणारी मी आहे ना."

गयाबाई चपला घालून ओल्या फरशीवरून ताठ चालत गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. सर यायच्या आधी त्यांनी वळून पाहिलं. हौसानं सगळी फरशी पुन्हा लख्ख पुसली होती, त्यांची पावलं तेवढी सोडून.