सतरावा शुभेच्छुक

लोकशाहीत प्रत्येक माणसाला जागा असते. दहा बाय वीसच्या डिजिटल फलकावर मात्र ती सोळा जणांनाच असते, आणि आकारामचा नंबर सतरावा लागला होता.

"एवढासा फोटो लाव की," तो म्हणाला आणि त्यानं अंगठ्याचं नख दाखवलं. "कोपऱ्यात कुठंतरी."

"कोपऱ्यात गॅस एजन्सीवालं हायत," फलक तयार करणारा अल्ताफ कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तात्या, यादी दादांच्या बंगल्यावरनं आलीया. सोळा म्हंजे सोळा. माझ्या मनानं सतरावा घातला तर पुढच्या वर्षी डिजिटल दुसऱ्या दुकानात."

उद्या राजवीरदादांचा वाढदिवस होता. आकाराम एकोणीस वर्षं दादांचा माणूस. सभेच्या खुर्च्या तो मांडायचा, पुराच्या वर्षी शिरोळला दादांच्या नावाची बिस्किटं त्यानं वाटली, चौकातला दादांचा प्रत्येक डिजिटल त्यानंच बांधला. त्यातल्या एकावरही तो नव्हता. आजवर त्याचं काही अडलं नव्हतं. पण उद्याच त्याच्या मुलीला, तेजस्वीला, बघायला गगनबावड्याचे पाहुणे यायचे होते. फोनवर बोलण्याच्या भरात त्यानं त्यांना सांगून टाकलं होतं, चौकात आला की दादांचा डिजिटल बघा, मी दिसंन.

तेवढ्यात फाईलनं सेव्ह व्हायला नकार दिला. दोन जीबीची मर्यादा संपली, असं कॉम्प्युटरनं तिसऱ्यांदा सांगितलं. अल्ताफनं चष्मा काढून डोळे चोळले. अकरा वर्षं तो दादांची हीच फाईल वापरत होता. दरवर्षी साल बदलायचं, दादांचा चेहरा ताजा लावायचा, नवे शुभेच्छुक आत घ्यायचे. जुन्यांना तो पुसत नसे, नुसता ओढून चौकटीबाहेर सारत असे. बाहेरचं छापलं जात नाही, दिसतही नाही. वजन मात्र सगळं फाईलवरच.

"मग पुसायचं की," आकाराम म्हणाला.

"आणि माणूस परत आला म्हंजे? गणपतराव तीनदा गेलं, चारदा आलं. दर बारीला फोटो कुठनं हुडकू?"

पण आता इलाज नव्हता. क्रॉप मारला की चौकटीबाहेरचं सगळं कायमचं जाणार होतं. जाणाऱ्यांना एकदा बघून घ्यावं म्हणून अल्ताफनं फाईलमध्ये लपलेलं सगळं उघडं केलं. चौकट रुंदावत गेली आणि दोन्ही बाजूंनी अकरा वर्षांचे शुभेच्छुक बाहेर आले. आतल्यांपेक्षा ते चौपट होते.

"ह्यो मेला की," आकाराम एकेकावर बोट ठेवत होता. "ह्यो पलीकडच्या पार्टीत गेला. ह्यो दोनदा हाय."

"एकदा मिशा हुत्या त्यास्नी."

मग आकारामचं बोट थांबलं. अगदी डाव्या टोकाला एक चेहरा होता. काळे केस, दात दिसेपर्यंत हसणं. मानेखाली काही नव्हतं.

"आरं, ह्यो मी न्हवं का? म्हंजे मी हुतो की! कुठल्या साली?"

अल्ताफनं चष्मा काढून काच पुसली.

"बाकीचा कुठाय मी?"

"तात्या, रागाला येऊ नका. पहिल्या वर्षी दादांचा हात जोडलेला एकबी फोटो मिळंना. सगळ्यांत कमरंवर हात. तुमी डिजिटल न्यायला आलतासा. तुमाला शटरम्होरं उभा करून फोटो काढलाता, आठवतंय?"

त्यानं बाण फलकाच्या मधोमध नेला. पांढरा शर्ट, जोडलेले हात, वर दादांचा चेहरा. उजवी करंगळी जराशी वाकडी होती. आकारामनं आपला हात पडद्याला लावून बघितला. ती गुऱ्हाळाच्या चरकात सापडलेली करंगळी अकरा वर्षं चौकात टांगलेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. फलक बांधणारा माणूस फलकाच्या मागं असतो.

त्यानं हात खाली घेतला. मग म्हणाला, "माझं डोकं ठेव बघू त्याच्यावर. एकडाव."

अल्ताफनं दादांचा चेहरा बाजूला केला आणि डाव्या टोकाचा चेहरा ओढून आणला. तो मानेवर सहज बसला.

"कसं फिट्ट बसलं!"

"बसणारच की. माझंच हाय."

खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' होतं. त्याखाली सोळा जण आकारामला शुभेच्छा देत होते. गॅस एजन्सीवालेसुद्धा. आकाराम हसला नाही. त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली आणि चौकातनं बघावं तसं बघितलं.

फोन वाजला. बंगल्यावरून विचारत होते, छपाईला गेलं का. अल्ताफनं "निघालं, निघालं" म्हणून फोन ठेवला आणि आकारामकडे बघितलं.

"डोकं काढ," आकाराम म्हणाला. "हात ऱ्हाऊ देत."

अल्ताफनं दादांना परत जागेवर आणलं, आकारामला चौकटीबाहेर नेलं आणि क्रॉप मारला. फाईल पहिल्या झटक्यात सेव्ह झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं डिजिटल बांधला आणि शिडी घेऊन यंदा पहिल्यांदाच समोरच्या बाजूला येऊन उभा राहिला. पाहुण्यांना सांगायचं वाक्य त्यानं ठरवून ठेवलं होतं. खालच्या ओळीत बघू नका पावणं, मी मधी हाय. घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजता तो परत आला आणि फलकाखाली वाट बघत थांबला.

पावणेबाराला तेजस्वीचा फोन आला. पाहुणे कधीचे घरी येऊन पोहे खात बसले होते. दादांच्या वाढदिवसाच्या मांडवामुळं गगनबावड्याकडनं चौकात येणारा रस्ता सकाळपासून लांबच अडवला होता, गाड्या मागच्या रस्त्यानं सोडत होते.